कागलला उतरलेला म्हातारा

“…पण अक्का, शेवट चांगला आहे की नाही, एवढंच सांगा ना.”

निशिकांतनं पुन्हा तेच विचारलं.

अक्का अंबाडी निवडत होत्या. एकेक पान खुडून सुपात टाकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“अंबाडी जून निघाली यंदा,” त्या मला म्हणाल्या.

“होय,” खाली पडलेली देठं गोळा करत मी म्हटलं.

मी अक्कांचा पेटीवाला. गोदाक्का कीर्तनं करायच्या तेव्हा मी मागं पेटी धरायचो. आता त्यांचा आवाज बसलाय आणि माझी बोटं वाकडी झालीत, म्हणून दोघंही कुरुंदवाडच्या अलीकडं नदीकाठच्या या लहानशा मठात पडून असतो. माणसं येतात, अक्कांना काहीबाही विचारतात. बहुतेकांना उत्तर आधीच ठाऊक असतं, फक्त कुणीतरी मान डोलवायला हवं असतं. असल्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा आहे.

निशिकांत मोकाशी त्यातलाच. लहानपणी अक्कांकडं कीर्तन शिकायला यायचा. गळा बरा होता. मग कोल्हापुरात प्राध्यापक झाला, कुठल्याशा दिवाळी अंकात कथेला बक्षीस मिळालं, आणि कीर्तन त्याला बाळबोध वाटायला लागलं. एवढ्या वर्षांनी आज भर दुपारी गाडी घेऊन दारात हजर. पाया पडला तोही घाईघाईनं.

“कसला शेवट?” अक्का म्हणाल्या. “पहिल्यापासनं सांग.”

“आम्ही एक कट्टा सुरू केलाय. ऑनलाइन.”

“म्हणजे?”

“मोबाइलवर. सगळे हौशी कथालेखक. कुणी नांदेडचा, कुणी चिपळूणचा, एक बाई बडोद्याच्या. शनिवारी दुपारी व्हिडिओवर जमतो. एकानं आपली कथा वाचायची, बाकीच्यांनी मतं द्यायची.”

“चांगलं आहे की.”

“फार चांगलं आहे अक्का. या लोकांना कुणी विचारत नाही. बायको ऐकत नाही, पोरं हसतात, अंकवाले उत्तरसुद्धा देत नाहीत. आमच्याकडं निदान कुणीतरी पूर्ण ऐकून घेतं.”

हे तो मनापासून बोलला. तेवढ्यापुरता तो मला बरा वाटला.

“नियम आहेत आमचे,” तो म्हणाला, आणि पुन्हा प्राध्यापक झाला. “वाचून झालं की लेखकानं माईक बंद करायचा. खुलासे द्यायचे नाहीत. आणि इतरांनी बोलायचं ते फक्त कथेवर. हे तुमच्याच घरातलं का, हा माणूस तुम्हीच का, असलं काही विचारायचं नाही. माणसावर यायचं नाही.”

“नियम कुणी केले?”

“मी.”

अक्कांनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

“मग?”

“गडहिंग्लजचे एक शामराव खोचरे म्हणून आहेत. रिटायर्ड तलाठी. आयुष्यभर सातबारे लिहिले, आता कथा लिहितात. साधं लिहायचे. म्हणजे… वाईटच लिहायचे. सगळ्यांचं चांगलं व्हायचं त्यांच्या कथेत. सून सासूला मिठी मारायची. पाऊस वेळेवर पडायचा.”

मला हसू आलं. निशिकांतला आलं नाही.

“मागच्या महिन्यात त्यांनी एक कथा वाचली. एक म्हातारा, तात्या. पोटात गाठ. डॉक्टर म्हणतात, आत्ता ऑपरेशन केलं तर वाचाल. लेक त्याला एस्टीनं मिरजेला घेऊन निघते. आणि शेवटी ऑपरेशन होतं, तात्या शुद्धीवर येतात आणि चहा मागतात.”

“चहा मागतात,” अक्का म्हणाल्या.

“हो ना! किती गुळगुळीत. पण आधीची सगळी कथा जबरदस्त होती अक्का. त्या म्हाताऱ्याची भीती, त्याची अढी, लेकीकडून काहीही करून घेतलं की त्याला वाटणारा संकोच. असा माणूस चहा मागणारच नाही. मी त्यांना स्पष्ट म्हटलं, शामराव, हा तात्या मिरजेला पोचतच नाही. तो वाटेत उतरतो. तुम्ही त्याला उतरू देत नाही, कारण तुम्ही घाबरताय.”

“असं म्हणालास.”

“सगळ्यांचंच मत पडलं तसं. पुढच्या शनिवारी ते नवा शेवट लिहून घेऊन आले. तात्या कागलच्या स्टँडवर उतरतो. पाणी आणतो म्हणतो, आणि परतीच्या गाडीत जाऊन बसतो.” निशिकांतचा आवाज जरा वर गेला. “वाचून झालं तेव्हा कुणाला बोलायलाच सुचेना. बडोद्याच्या बाई रडत होत्या. मी म्हटलं, शामराव, आज तुम्ही लेखक झालात.”



अक्का निवडत राहिल्या. नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं, तेवढाच आवाज.

“मग?”

“मग…” निशिकांतनं चष्मा काढला, पुसला, घातला. “गेल्या सोमवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. वैजयंता. ती शामरावांना मिरजेला ऑपरेशनला घेऊन निघाली होती. ते कागलला उतरले.”

माझ्या हातातली देठं खाली पडली.

“खरोखरीचे?” मी विचारलं.

“खरोखरीचे. गाठ त्यांच्याच पोटात आहे. कट्ट्यावर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कसं असणार? आम्ही विचारतच नाही.”

“आता कुठं आहेत?” अक्कांनी विचारलं.

“घरी. मजेत आहेत म्हणे. आणि ऑपरेशन करून घ्यायला तयार नाहीत. मुलीनं खूप विनवण्या केल्या, तर म्हणाले, मी जन्मात आता कुठं एक चांगली गोष्ट लिहिली आहे, ती खोटी करू नको.”

अरे देवा, मी मनात म्हटलं.

“डॉक्टरांनी पुन्हा येत्या सोमवारची तारीख दिली आहे. त्यानंतर उशीर झाला तर गाठ पसरेल आणि मग हात लावता यायचा नाही, असं स्पष्ट सांगितलंय. म्हणून मुलगी माझ्या मागं लागली आहे. म्हणते, सर, आबा तुमचं एकट्याचं ऐकतात. तुम्ही त्यांना सांगा, शेवट चुकला, पहिलाच बरा होता.”

“सांगितलंस?”

“कसं सांगू?” निशिकांत जवळजवळ ओरडला. “शेवट चुकलेला नाही! अक्का, मी या क्षेत्रात इतकी वर्षं आहे. चांगल्याला वाईट म्हणणं मला जमणार नाही. उद्या कट्ट्यावर कुठल्या तोंडानं मत देऊ? आज एकासाठी खोटं बोललो तर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली? आणि माणसानं आपल्या मरणाबद्दल काय ठरवावं हा त्याचा प्रश्न आहे ना? मी कोण?”

एवढं बोलून तो अक्कांकडं बघत राहिला. मान डोलवायला हवी होती त्याला.

मला त्याचा संताप आला. तिकडं एक माणूस जायला निघालाय आणि हा आपल्या शब्दाची किंमत घेऊन बसलाय. मी तोंड उघडणार होतो, पण अक्कांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

“वाच,” त्या निशिकांतला म्हणाल्या.

“काय?”

“शेवट.”

निशिकांतनं मोबाइल काढला. वाचताना त्याचा आवाज बदलला. कितीही झालं तरी अक्कांच्या हाताखाली तयार झालेला गळा तो.

“‘कागल आलं. पाणी घेऊन येतो, तात्या म्हणाले. उतरता उतरता कंडक्टरच्या कानाशी म्हणाले, मी इथंच उतरतोय, पोरगी पुढं जाणार आहे. पाण्याच्या टपरीपुढनं गेले, थांबले नाहीत. पलीकडं गडहिंग्लजची गाडी लागली होती. तात्या चढले. समोरच्या गाडीत, खिडकीत लेक बसली होती. डबल बेल झाली. मिरजेची गाडी सुटली. तात्यांनी गडहिंग्लजचं तिकीट मागितलं. सुट्टे द्या, कंडक्टर म्हणाला. तात्यांच्याकडं सुट्टे होते.’”

वाचून झालं.

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. सातबारे लिहिलेल्या हातानं हे लिहिलं होतं.



“चांगला आहे,” अक्का म्हणाल्या.

निशिकांतनं मोठा श्वास सोडला. त्याचे खांदे सैल झाले. “मी तेच म्हणत होतो. थँक्यू अक्का. मला वाटलं होतं, तुम्ही तरी समजून घ्याल. लोकांना वाटतं, कीर्तनकार म्हणजे सगळं गोडच मानणार…”

“आणि पोरगी?”

“कुठली?”

“गाडीतली.”

“ती?” निशिकांत गोंधळला. “ती गौण पात्र आहे अक्का. कथा तात्यांची आहे.”

“कट्ट्यावर तिच्याबद्दल कुणी काही बोललं?”

“तिच्याबद्दल…” त्यानं आठवून पाहिलं. “नाही. हां, नांदेडच्या त्या मुलानं एक शंका काढली होती. बाप उतरला आणि परत आला नाही तर पोरगी आरडाओरडा करेल, गाडी थांबवेल. मग शेवट कसा होणार? मुद्दा बरोबर होता त्याचा. ती एक फट राहिली होती कथेत.”

“मग?”

“ती मी बुजवली.”

“कशी?”

निशिकांत मोबाइल चाळायला लागला.

“कशी रे?”

“मी म्हटलं… तात्यांनी उतरताना कंडक्टरला सांगून ठेवावं. पोरगी पुढं जाणार आहे म्हणून. म्हणजे तो गाडी थांबवणार नाही.”

तो हे हळू बोलला. मघाचा आवाज नव्हता आता.

अक्कांनी सूप बाजूला सारलं. हात पदराला पुसले.

“तिला फोन लाव,” त्या म्हणाल्या. “गाडी सुटल्यावर काय झालं, विचार.”

“अक्का, त्याचा काय संबंध…”

“लाव. आम्हाला ऐकू दे.”

त्याची इच्छा नव्हती. पण अक्कांना नाही म्हणायची हिंमत मी अजून कुणात पाहिलेली नाही. त्यानं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाइल जमिनीवर, आमच्या तिघांच्या मध्ये ठेवला.

एका रिंगमध्ये उचलला गेला.

“सर! बोललात का आबांशी?”

“नाही… अजून नाही. वैजयंता, मी एका ठिकाणी आलोय. आमच्या अक्कांकडं. त्या ऐकताहेत. त्यांनी विचारलंय की, त्या दिवशी कागलहून गाडी सुटल्यावर… काय झालं?”

 तिच्या मागं लहान पोरं कालवा करत होती. पुढं कळलं, ती बालवाडीत शिकवते.

“थांबा हं, बाहेर येते.”

पोरांचा आवाज लांब गेला.

“काय सांगू सर. आबांच्या जागेवर मी पिशवी ठेवली होती. कुणी बसू नये म्हणून. डबल बेल झाली तशी मी ओरडले, थांबा, आमचे आबा यायचेत. तर कंडक्टर म्हणाला, बाई, म्हातारबा सांगून उतरलेत की, पोरगी पुढं जाणार म्हणून. मी म्हटलं, असं कसं सांगतील? आजारी माणूस आहे. तर लोक माझ्यावरच कावले. म्हणाले, घरातली भांडणं घरात ठेवा, आम्हाला कोल्हापूर गाठायचंय.”

निशिकांत जमिनीकडं बघत होता.

“मग?” अक्कांनी विचारलं. बसका आवाज तिच्यापर्यंत पोचला की नाही कोण जाणे, पण ती थांबली नव्हतीच.

“हायवेला लागल्यावर कुठं थांबवतात लवकर. खूप रडले तेव्हा पुढं नेऊन उतरवलं. दोन पिशव्या, दवाखान्याची फाइल, आबांची चादर, आबांचा मोबाइलसुद्धा, सगळं घेऊन रस्त्याच्या कडेला उभी. रिक्षा मिळेना. चालत निघाले. सकाळपासनं आबांच्या पोटात काही नव्हतं, तपासणीला उपाशी यायला सांगितलं होतं. मला वाटलं, चक्कर येऊन पडले असणार. कागलला सगळ्या टपऱ्या बघितल्या. पुरुषांच्या मुतारीत एका चहावाल्याला बघायला पाठवलं. तो बाहेर येईपर्यंत माझा जीव नव्हता अंगात. सरकारी दवाखान्यात जाऊन आले. पोलिसांत गेले, तर ते म्हणाले, फोटो आहे का? आबांचा एकट्याचा फोटो नव्हता माझ्याकडं.”

 नाक ओढल्याचा आवाज आला.

“दिवस बुडायला शेजारच्या काकूंचा फोन आला. म्हणाल्या, अगं, शामराव सोप्यात बसून भाकरी खातायत, तू कुठं हिंडतीयास?”

अक्कांनी मोबाइल जरा जवळ ओढला.

“घरी गेले तर आबा काय म्हणाले माहीत आहे? तोंडभर हसत म्हणाले, वैजे, तस्संच झालं बघ. एक शब्द इकडचा तिकडं नाही.”

 मी उठलो, आणि पुन्हा बसलो.

“सर, एक विचारू?”

“विचारा ना.”

“ती कथा आबांनी मला दाखवली नाही. तुला कळायची नाही म्हणाले. तीत मी आहे का हो?”

निशिकांतनं अक्कांकडं बघितलं. अक्का मोबाइलकडं बघत होत्या.

“आहात,” तो म्हणाला.

“काय करते मी?”

निशिकांतनं पुन्हा चष्मा काढला.

“सर?”

“खिडकीत… खिडकीत बसलेल्या असता.”

“आणि?”

“…एवढंच.”



“बरं,” ती म्हणाली. “सर, मी सोमवारी सकाळच्या गाडीत जाऊन बसणार आहे. मिरजेच्या. आबा आले तर आले. तुम्ही तेवढं बोला त्यांच्याशी. शेवट चांगला की वाईट, ते तुम्ही मोठी माणसं बघा. मला ते कळत नाही. मला आबा पाहिजेत.”

फोन ठेवला गेला.

 मग स्वतः होऊनच निशिकांतनं मोबाइल उचलला आणि शामरावांना लावला, स्पीकरवरच.  अक्कांनी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

“नमस्कार सर!” शामरावांचा आवाज चांगला खणखणीत होता. आजारी माणसाचा वाटतच नव्हता. “आज कशी काय आठवण काढली? परवा शनिवारी आहे ना कट्टा?”

“शामराव…” निशिकांत म्हणाला. “शामराव, मी तुमच्या कथेचा फार विचार केला. मला वाटतं, माझं चुकलं. तो शेवट… बरोबर नाही. पहिला बरा होता. चहाचा.”

“हं.”

“म्हणजे आता वाचताना जाणवतं. उगाच धक्का दिल्यासारखा वाटतो.”

“हं.”

“तुम्ही तो बदला, शामराव. आणि… आणि सोमवारी मिरजेला जाऊन या.”

शामराव हसले. हसणं कडू नव्हतं. आपल्या माणसाची लबाडी पकडल्यावर हसतो तसं होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“वैजीनं फोन केला होय तुम्हाला?”

“नाही, नाही…”

“सर, तुम्ही मला काय शिकवलंत? लेखकाला स्वतःला कळतं म्हणालात, कुठलं खरं आणि कुठलं बेतलेलं. मला कळतंय की सर. तुम्ही आत्ता जे बोललात ना, ते बेतलेलं आहे. मघाशी आवाज कसा चाचरला तुमचा.”

“शामराव, ऐका माझं…”

“तुम्हीच म्हणाला होता, शेवट बदला म्हणून लोक मागं लागतील, ठाम राहा. मी ठाम आहे सर. उभ्या जन्मात मी कधी ठाम नव्हतो. पाटील म्हणेल तसं लिहायचं, साहेब म्हणेल तसं खोडायचं. बायको गेली तेव्हासुद्धा चारचौघं म्हणतील ते केलं. हे एक माझं आहे.” त्यांनी खाकरून घसा साफ केला. “शनिवारी नवीन वाचतो. छोटीच आहे. बरं, ठेवू?”

ठेवला.

निशिकांतनं मोबाइल पालथा घातला. दोन्ही हातांत तोंड झाकलं. मोठा माणूस, प्राध्यापक, पोराटोरासारखा हुंदके द्यायला लागला. मघाचा माझा राग कुठल्या कुठं गेला. वाईट वाटलं, त्याचंही आणि त्या म्हाताऱ्याचंही. त्या म्हाताऱ्याचं जास्त, कारण तो खुशीत होता.

मी तांब्या पुढं केला. त्यानं घेतला नाही.

“खोटं बोललो, अक्का,” तो म्हणाला. “बोलणार नाही म्हणत होतो ते बोललो. आणि तेही वाया गेलं. त्यांनी पकडलं. मीच शिकवलं त्यांना पकडायला.”

अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. पण निवडायला घेतलं नाही.

“मी जातो गडहिंग्लजला,” तो म्हणाला. “आत्ताच जातो. पाय धरतो त्यांचे.”

“धर.”

“कट्टा बंद करून टाकतो.”

अक्कांनी सूप मांडीवर सारखं केलं.

“बंद करू ना?”

“बडोद्याच्या बाईंचं कोण ऐकंल मग?”

 उन्हं उतरून मठाच्या पायऱ्यांवर आली होती. नदीवरची बाई धुणं आटोपून निघून गेली असावी, कारण आता कसलाच आवाज नव्हता.

निशिकांत उठला. चप्पल घालायला गेला, आणि दारातच थांबला. माणूस बाहेर पडायच्या आधी जे विचारतो तेच खरं विचारायला आलेला असतो, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

“अक्का… पाय धरले आणि तरी ते आले नाहीत तर?”

“आले नाहीत तर नाही आले.”

“सोमवारी ती पोरगी एकटीच बसेल गाडीत.”

“होय.”

“शेजारी पिशवी ठेवून.”

“होय.”

“मी काय करू?”

अक्कांनी त्याच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. अगदी तो लहान असताना, ओळ चुकली की बघायच्या तसं. मला वाटलं, आता रागावणार. पण आवाज नेहमीसारखाच बसका आला.

“पिशवी उचल आणि तिथं तू बस.”

“मी? मी तिथं बसून करू काय?”

“काही करू नको,” अक्का म्हणाल्या. “ती काय करते, ते बघ.”